उजवं मनगट कायमचं जाम करून घ्यावं का? आमवातात मनगटाचं ऑपरेशन झालेल्यांनी कृपया सांगा

भाकरीवाली, सोलापूर
७ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार. हे फोनमध्ये बोलून लिहितेय आणि मुलगी शेजारी बसून चुका काढतेय, कारण उजव्या हाताने आता अक्षरं दाबली जात नाहीत.

माझं वय ४६. आमवाताला ११ वर्षं झाली. आर ए फॅक्टर, अँटी सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. मी भाकरीचं काम करते. दोन खानावळी, एक विद्यार्थ्यांची मेस, आणि सणासुदीला कडक भाकरीच्या ऑर्डरी. रोजच्या साधारण १३० ज्वारीच्या भाकरी होतात. मदतीला एक बाई आहे, ती तवा सांभाळते. मळणं आणि थापणं माझ्याकडे. नवरा गेल्यापासून घर याच हातावर चाललंय, म्हणून सगळं नीट सांगून विचारते. लांबलं तर माफ करा.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी. दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज. पाच वर्षांपूर्वी मी दीड वर्ष हे सगळं बंद केलं होतं. ओळखीतल्या एकांनी पुड्या आणून दिल्या, "मुळापासून जातं" म्हणाले. तीन दिवसांत सूज उतरली, मी देवाचे आभार मानले. मग चेहरा गोल झाला, साखर वाढली, पुडी एक दिवस चुकली की अंथरुणातून उठवेना. रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे माझे आमवाताचे डॉक्टर, म्हणाले, त्यात स्टिरॉइड असणार. बोटं त्या काळात जरा बरी वाटायची, पण मनगट आतून खात गेलं. एक्स-रे शेजारी शेजारी लावून त्यांनी दाखवलं तेव्हा मला रडू आवरेना.

आता आत्ताचं. करंगळीच्या बाजूला मनगटाच्या पाठीवर हाड वर आलंय, सुपारीएवढं. दाबलं की पेटीच्या पट्टीसारखं खाली जातं, सोडलं की वर. २३ जूनला सकाळी थापताना करंगळी उचललीच जाईना, पिठात तशीच रुतून राहिली. दुखलं अजिबात नाही. मला वाटलं मुंग्या आल्या असतील, तेल लावलं. आठ दिवसांनी तिच्या शेजारचं बोटही पडलं. दुसऱ्या हाताने वर केलं तर होतं, सोडलं की पुन्हा खाली.

तीन ठिकाणी दाखवलं. इथले डॉक्टर म्हणाले, मनगट प्लेट टाकून पूर्ण जाम करू, ते हाड काढू, पडलेली बोटं दुसऱ्या टेंडनला, म्हणजे बोट ओढणाऱ्या दोरीला, जोडू. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले. तिथले म्हणाले, पूर्ण नको, अर्धंच जोडू, थोडी हालचाल राहील, पण आधी सीटी स्कॅन करून बघू. तिसऱ्यांनी कृत्रिम मनगटाचं सांगितलं, गुडघ्यासारखं. रिपोर्टवर "वॉन-जॅक्सन" आणि "कॅपट अल्नी" असं लिहिलंय, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मला एवढंच कळून घ्यायचंय. मनगट पूर्ण जाम झालं तर भाकरी थापता येते का? जेवण, अंघोळ, वेणी? कुणाचं झालं असेल तर रोजचं कसं चालतं ते सांगा. आणि आमच्याकडे दिवाळीपर्यंत ऑर्डरी आहेत. तोवर थांबलं तर चालेल का?

---

कृष्णाकाठ, सांगली
७ जुलै, रात्री ११.०५

ताई, माझ्या आईचं सांगतो. तिचीही करंगळी अशीच पडली, मग अनामिका. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही धाकट्या बहिणीचं लग्न होईपर्यंत थांबलो. चार महिन्यांत मधलं बोटही पडलं. ऑपरेशन झालं, पण जोडायला चांगलं टेंडनच फारसं उरलं नव्हतं. आज तिची बोटं अर्धीच उघडतात. पेला धरायचा तर डाव्या हाताने बोटं उघडून धरावी लागतात. सर्जनने तेव्हा आम्हाला विचारलं होतं, पहिलं बोट पडलं तेव्हा का नाही आलात? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

दिवाळीपर्यंत थांबू नका. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

---

खडूफळा, जुन्नर
८ जुलै, सकाळी ६.४०

तुला तूच म्हणते, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे. मी ६१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. माझं उजवं मनगट २०१६ साली पूर्ण जोडलं. डाव्याचं २०१८ साली फक्त वर आलेलं हाड काढलं आणि टेंडनभोवतीची सुजलेली पिशवी साफ केली, ते अजून हलतं. म्हणजे जाम मनगट आणि हलतं मनगट, दोन्ही घेऊन मी रोज वावरते.

आधी एक काम कर. आजपासून थापणं बंद. कालच्या त्या दादांचं अक्षर न् अक्षर खरं आहे. विहिरीच्या काठच्या दगडावर पोहऱ्याचा दोर वर्षानुवर्षं घासतो आणि एक दिवस तुटतो, तसं झालंय तुझं. ते सुपारीएवढं हाड वरून खरखरीत झालेलं असतं आणि बोटं उघडणारी टेंडनं त्याच्यावरून जातात. करंगळीचं सगळ्यात कडेला, म्हणून ते पहिलं तुटतं. मग अनामिका, मग मधलं. तू प्रत्येक भाकरीला तो दोर दगडावर घासतेस. १३० भाकरी म्हणजे किती थापट्या होतात, तूच मोज.

आता तू विचारलंस ते.

ऑपरेशनआधी माझं मनगट इतकं सैल झालं होतं की फळ्यावर तारीख लिहिताना हात खडूसकट खाली घसरायचा. बोटं ठीक होती, पण मुठीत जोर नव्हता. सर्जननी मला एक करून बघायला लावलं, तूही बघ. मनगट पूर्ण खाली वाकव आणि मूठ आवळ. आवळली जात नाही ना? आता तेच मनगट सरळ किंवा जरासं वर ठेवून आवळ. बोटांचा जोर मनगट कुठे उभं आहे त्यावर असतो. माझं मनगट तळव्याकडे घसरलं होतं, म्हणून चांगल्या बोटांनाही ताकद लागत नव्हती. जोडल्यावर चार महिन्यांनी मी कुकरचं झाकण स्वतः लावलं. त्याआधी तीन वर्षं हे काम आमच्या ह्यांच्याकडे होतं.

जोडतात म्हणजे काय, तर मनगटाच्या पाठीवरून एक लांब प्लेट बसवतात. तिचं एक टोक मधल्या बोटाच्या तळव्यातल्या हाडावर, दुसरं कोपराकडून येणाऱ्या मोठ्या हाडावर. मधली उरलीसुरली कूर्चा खरवडून काढतात आणि हाडाचा चुरा भरतात. माझ्यात ते कापलेलं सुपारीचं हाडच चुरा करून वापरलं. मग तिथे एकसंध हाड तयार होतं. सहा आठवडे प्लास्टर आणि पट्टा, त्यानंतर हळूहळू काम. पूर्ण भरवसा यायला तीन महिने लागले.

मनगट वर-खाली होत नाही. पण तळवा उताणा-पालथा होतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. किल्ली फिरवणं, घास तोंडाकडे नेताना तळवा वर वळणं, हे मनगटाच्या सांध्यातून होतच नाही, पुढच्या हाताची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात म्हणून होतं. ते सुपारीचं हाड काढल्यावर माझं हे वळणं उलट सुधारलं. वरणभात मी हातानेच खाते. पहिले पंधरा दिवस घास सांडायचा, मग कोपर किती उचलायचं ते हाताला कळलं.

जे गेलं तेही सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. निमुळत्या तोंडाच्या बरणीत हात घालून लोणचं काढणं गेलं. जमिनीवरून उठताना तळवा टेकून जोर देणं गेलं, मी मूठ टेकते किंवा खुर्चीला धरते. वेणी मागे घालता येत नाही, पुढे घेऊन घालते. परकराची नाडी समोर बांधून मग फिरवते. देवापुढे हात जोडताना कोपरं बाजूला जात नाहीत, हात पुढे लांब करून जोडावे लागतात. शौचाला डावा हात लागतो, आणि तो हलता आहे म्हणून माझं अडलं नाही. म्हणून सांगते, दोन्ही मनगटं कधीच एकसारखी जाम करून घेऊ नकोस. तुझं डावंही उद्या बिघडलं तर सर्जनला आधी हे सांग. लाजू नकोस. मी लाजले होते, ते माझ्याऐवजी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

भाकरीचं. मी घरच्यापुरत्या चार भाकरी थापते, तेवढ्या अनुभवावर बोलते. मळणं जमत नाही. तळव्याची टाच दाबून पीठ पुढे रेटायला मनगट मागे वळावं लागतं आणि ते आता वळत नाही. मी मुठीने मळते, थोडं. थापणं जमतं. ते खांद्यातून आणि कोपरातून होतं, मनगट सरळ असलं तरी बोटं पिठावर सपाट पडतात. फक्त खाली बसून काटवटीत थापता येत नाही, कारण हात वरून तिरका येतो. मी उभी राहून, कंबरेच्या जरा खाली येईल अशा टेबलावर परात ठेवते. भाकरी उचलून तव्यावर टाकताना आधी ती फाटायची. आता परातीच्या कडेवरून दोन्ही तळव्यांवर सरकवून घेते.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेव. मनगट कोणत्या कोनात जोडायचं हे आधी ठरतं. जरा वर उचललेलं ठेवलं तर मूठ घट्ट होते. अगदी सरळ ठेवलं तर तळवा सपाट पडतो. माझ्या सर्जननी विचारलं, "या हाताने सगळ्यात जास्त काय करता?" मी म्हटलं, फळ्यावर लिहिते. त्यांनी माझं थोडं वर ठेवलं. तू भाकरी सांग. परात घेऊन जा आणि समोर करून दाखव. तोंडी सांगण्यात आणि करून दाखवण्यात फरक पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. सही करायच्या आधी मनगट पूर्ण बांधून ठेवणारा कडक पट्टा घे, कोपराच्या खालपासून तळव्यापर्यंतचा, आणि आठ दिवस दिवसरात्र घालून घरात वावर. जेव, नीज, अंघोळ पिशवी बांधून कर. जाम मनगट कसं असतं ते तुला कळेल. मला हे करायला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी मी चिडून काढून फेकला आणि संध्याकाळी दुखणं परत आलं तेव्हा स्वतःच पुन्हा बांधला. माझा निर्णय तिथे झाला.

---

हातावरचं, नाशिक
८ जुलै, दुपारी २.१५

मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. ताई, तुम्हाला तपासल्याशिवाय कोणतं ऑपरेशन ते सांगणं चूक होईल. पण तिघांनी तीन गोष्टी का सांगितल्या ते समजावतो.

आधी ते दोन शब्द. कॅपट अल्नी म्हणजे अल्ना या हाडाचं डोकं, तुमची सुपारी. ते सैल होऊन पाठीकडे वर येतं. त्यावर घासून बोटं उघडणारी टेंडनं तुटतात, हे वॉन-जॅक्सन या इंग्लिश सर्जनने १९४८ साली मांडलं, म्हणून त्यांचं नाव. खडूफळा बाईंचा विहिरीचा दोर अगदी बरोबर आहे, मी आता माझ्या पेशंटना तसंच सांगणार आहे.

बोट पडलं म्हणजे प्रत्येक वेळी टेंडनच तुटलं असं नसतं. आमवातात कोपराजवळची सूज एका नसेवर दाबते, तेव्हाही बोटं पडतात. कधी टेंडन शाबूत असतं, पण बोटाच्या मुळाच्या गाठीवरून दरीत घसरलेलं असतं. तेव्हा दुसऱ्या हाताने बोट सरळ केलं की ते सरळ राहतं. तुमचं सोडलं की पडतं. दुसरी साधी परीक्षा अशी, कुणीतरी तुमचं मनगट हलकेच खाली वाकवायचं. टेंडन शाबूत असेल तर बोटं आपोआप थोडी उघडतात. तुटलेलं असेल तर लोंबकळतात. तुमच्या डॉक्टरांनी हे नक्की केलं असणार, पण विचारून खात्री करा.

तुटलेली टोकं थेट शिवता येत नाहीत, कारण ती झिजून विरलेली असतात आणि स्नायू आखडलेला असतो. म्हणून तुटलेल्याचं टोक शेजारच्या चांगल्या टेंडनला जोडतात, किंवा तर्जनी उघडायला दोन टेंडनं असतात त्यातलं एक वळवून आणतात. दोन बोटं पडलेली असताना हे चांगलं होतं. तीन-चार पडली की आणायचं कुठून हा प्रश्न येतो. घाई आहे ती याची. आणि घासणारं हाड तसंच ठेवून नुसती टेंडनं जोडली तर तीही तुटतील, म्हणून हाडाचं काम त्याच वेळी करायचं.

नुसतं अल्नाचं डोकं काढलं तर आमवाताच्या सैल मनगटात बाकीची हाडं करंगळीच्या बाजूला घसरू शकतात. म्हणून पुण्याचे डॉक्टर अर्धं जोडायचं म्हणतात. मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत असतात. पुढच्या हाताचं मोठं हाड आणि पहिल्या ओळीतलं चंद्रकोरीच्या आकाराचं हाड एवढंच जोडलं, तर दोन ओळींमधला सांधा मोकळा राहतो आणि साधारण निम्मी हालचाल टिकते. पण तो मधला सांधा निरोगी हवा. तोही खाल्ला गेला असेल तर अर्ध्या जोडणीनंतर दुखणं राहतं. सीटी त्यासाठी सांगितला आहे. म्हणजे पहिल्या दोन डॉक्टरांचं भांडण नाही, सीटी बघितला की ते बहुधा एकाच मतावर येतील.

कृत्रिम मनगटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कमी काम करणाऱ्या, हाड चांगलं असलेल्या, विशेषतः दुसरं मनगट आधीच जाम असलेल्या पेशंटला ते उपयोगी पडतं. गुडघ्या-खुब्याच्या सांध्यांइतका त्याचा भरवसा नाही. रोज आपटणं, रेटणं, जड उचलणं झालं तर ते हाडात सैल होतं, आणि मग काढून जोडायचं तर हाड कमी उरलेलं असतं. रोज १३० भाकरी थापणाऱ्या हातात मी ते घालणार नाही.

दोन गोष्टी मात्र कुणी विचारल्या नाहीत तरी तुम्ही स्वतः सांगा. पहिली, मान. इतक्या वर्षांच्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. भूल देताना मान मागे वळवतात, म्हणून आधी मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढायचा. हे ऑपरेशन पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करूनही होतं, तरी एक्स-रे हवाच. दुसरी, त्या पुड्या. कधी, किती दिवस, शेवटची कधी घेतली, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. बराच काळ बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. तुम्हाला कुणी रागावणार नाही. लपवलं तर मात्र धोका तुम्हाला आहे.

मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेकांना ते ऑपरेशनच्या काळात चालू ठेवतात, कारण बंद केलं की आमवात उसळतो. आमवातावरची बायोलॉजिक नावाची इंजेक्शनं घेणाऱ्यांची तारीख मात्र डोस बघून धरावी लागते. आणि मिश्री लावत असाल तर आजच सोडा. तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो, कधी जुळतच नाही.

पट्ट्याची कल्पना उत्तम. त्यात आणखी एक फायदा, मनगट स्थिर राहिलं की उरलेली टेंडनं घासायची कमी होतात. पण आठ दिवसच, त्याहून जास्त थांबू नका. तारीख आजच धरून ठेवा.

---

भाकरीवाली, सोलापूर
८ जुलै, रात्री ९.५०

डॉक्टर, बाई, दादा, तुमचे आभार कसे मानू कळेना झालंय. मुलीने सगळं दोनदा वाचून दाखवलं.

मिश्री लावते. लग्नाआधीपासून. आज डबी मुलीच्या हातात दिली. पुड्यांचं आजवर फक्त रुमॅटॉलॉजिस्टना माहीत होतं, आता सगळ्यांना सांगेन.

आज दुपारी मेसवाल्यांना फोन केला आणि उद्यापासून भाकरी नाही म्हणून सांगितलं. ११ वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, दोन महिने पोळ्यांवर भागवू, पण परत आलात की पहिली ऑर्डर आमची. पट्टा आणला, साडेसातशेला. बाई, थापताना तुमची बोटं तिरकी होत नाहीत का? माझी करंगळीकडे वळलेली आहेत, त्यांचंही ऑपरेशन लागेल का?

---

खडूफळा, जुन्नर
९ जुलै, सकाळी ६.१५

माझीही वळलेली होती. मनगट हाताच्या मुळाशी असतं. ते वाकडं असताना बोटं सरळ करून घेतली तर ती पुन्हा वळतात, म्हणून मनगट आधी, बोटं मागून. माझ्यात मनगट सरळ झाल्यावर बोटंही थोडी सावरली आणि त्यांचं ऑपरेशन मी केलंच नाही. तुझं काय होईल ते सर्जन सांगतील.

खर्चाचं तू विचारलं नाहीस, पण विचारायचं असणार. रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, भेट. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुझं नेमकं ऑपरेशन कोणत्या नावाने बसतं ते त्याच्याकडून लिहून घे. प्लेट धरून की प्लेटशिवाय, हेही विचार. आणि ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी कुठे, आठवड्यातून किती वेळा, हे आधी ठरव. टेंडन जोडल्यावर पहिले तीन-चार आठवडे बोटं पट्ट्यात असतात, नंतर ती उघडायला पुन्हा शिकवावी लागतात. तर्जनीचं टेंडन करंगळीला जोडलेलं असतं ना, मेंदूला ते नवं असतं. सुरुवातीला तर्जनी उचलायचा विचार केला की करंगळी हलते. मुलांना बाराखडी शिकवतात तसं बोटांना शिकवावं लागतं.

---

भाकरीवाली, सोलापूर
१७ जुलै, रात्री ८.३०

आठ दिवस झाले. सगळ्यांना सांगायचं म्हणून लिहितेय.

पट्टा घालून पहिले दोन दिवस फार हाल झाले. पाण्याचा तांब्या उचलला तर अर्धा अंगावर. तिसऱ्या रात्री मात्र मी सलग झोपले. कूस बदलताना मनगट दुखून जाग यायची ती आलीच नाही. कधीपासून अशी झोपले नव्हते ते आठवेना. पाचव्या दिवशी शेजारणीकडून शिवणकामाचं टेबल आणलं, त्यावर परात ठेवली, पीठ मदतनीस बाईने मळलं आणि मी डाव्या हाताने थापायचं आणि उजव्याने फक्त गोल फिरवायचं असं करून बघितलं. डॉक्टर रागावू नका, उजव्याने थापलं नाही. पहिली तीन वाकडी झाली. चौथी गोल आली, तव्यावर टाकली तर पूर्ण फुगली. मुलगी रडायला लागली.

काल पुण्याला सीटी दाखवला. मधला सांधाही गेलाय. अर्ध्या जोडणीचा उपयोग नाही असं ते स्वतःच म्हणाले, आणि सोलापूरच्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलले. उजवं मनगट पूर्ण जोडायचं, अल्नाचं डोकं काढायचं, तर्जनीचं टेंडन आणायचं. मानेचा एक्स-रे झाला, थोडं सैल आहे, म्हणून हात बधिर करूनच करणार. परात नेली होती. बाहेर बसलेले लोक बघत होते, पण डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं, माझा हात परातीवर ठेवून कोन मोजला आणि म्हणाले, अगदी सरळ ठेवू. मधलं बोट अजून शाबूत आहे.

तारीख २२ जुलै, सोलापुरातच. बाई, बरोबर काय न्यायचं?

---

खडूफळा, जुन्नर
१७ जुलै, रात्री ९.०५

पुढून बटणं असलेले, सैल बाह्यांचे दोन ब्लाउज. उजवी बाही खांद्यापर्यंत उसवून तिला बांधायला नाड्या शिवून घे, प्लास्टरवरून साधी बाही चढत नाही. बांगड्या आदल्या दिवशी घरीच काढ, हात सुजल्यावर निघत नाहीत. दोन उशा ने, एक हाताखाली. पहिले चार दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, झोपतानाही, आणि प्लास्टरबाहेर जी बोटं मोकळी ठेवली असतील ती तासातासाला हलवायची. ती पांढरी किंवा निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टर आवळून असह्य दुखलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठव. चमचा ने, स्टीलचा, जाड दांड्याचा. डाव्या हाताने जेवायची सवय आजपासून कर.

२२ ला संध्याकाळी मुलीला इथे दोन ओळी लिहायला सांग. मी जागी असेन.